तुतीला टांगलेली कणीक

आमच्या संताची, मार एलियासची शपथ घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. एक अक्षर जरी खोटं निघालं तर वर्षभर माझ्या परातीतली कणीक फुगू नये. आमच्या दैर शमर गावात बाईमाणसाला याहून मोठी शपथ नाही. तेव्हा गपचूप ऐका, आणि मधे मधे ‘असं कसं होईल’ म्हणून तोंड घालू नका. रोज होणारी गोष्ट असती तर मी सांगायला कशाला बसले असते?

तर, लढाईचे दिवस होते. टेलिफोनच्या तारा केव्हाच तुटल्या होत्या, आणि खाली बैरूतला जाणारा रस्ता कधी उघडा तर कधी बंद. पण दैर शमरात एक घर असं होतं की तिथून बसल्या जागी पोर्तुगालला गप्पा मारता यायच्या. ते घर मुन्तहाचं. तिचा नवरा नऊम, म्हणजे गावाचा अबू नखले, नखलेचा बाप, हौशी रेडिओवाला होता. मोटारच्या बॅटरीवर यंत्र लावायचं, कानाला ऐकायची चाकं अडकवायची आणि कुठल्या कुठल्या मुलखातल्या अनोळखी माणसांना विचारायचं, तुमच्याकडे हवा काय म्हणते. मुन्तहा म्हणायची, लोकांचे नवरे पत्त्यांत वाया गेले, माझा हवेत गेला.

खरी करामत यंत्रात नव्हती, झाडांत होती. यंत्रातून एक तार निघायची आणि ती उंचावर, अंगणातल्या छत्रीसारख्या पाइनपासून खालच्या झऱ्यावरच्या पॉपलरपर्यंत ताणलेली असायची. तार जितकी उंच तितका आवाज लांब जायचा. पण झाडं आहेत ती, वाऱ्यात डोलणारच. दोन्ही टोकं घट्ट बांधली तर पहिल्याच वाऱ्याला तार तटकन तुटायची. म्हणून नऊम एकाच टोकाला गाठ मारायचा. दुसऱ्या टोकाचा दोर फांदीवरून पलीकडे सोडायचा आणि त्याला दगडांची बादली टांगायचा. झाड इकडे झुकलं की बादली वर, तिकडे झुकलं की बादली खाली, आणि तार मधे आपली शांत. गेल्या आठवड्यात नऊम त्याच पॉपलरवर दोराला मेण चोळायला चढला आणि मेणासकट खाली आला. आता पाय प्लास्टरमध्ये आणि जीभ मोकळी, असा खिडकीशी बसून असायचा.

त्यांचा एकुलता एक नखले बापाच्या मांडीवर बसून हीच विद्या शिकला आणि मालवाहू बोटीवर रेडिओवाला झाला. बोट जगाच्या पाठीवर कुठेही असो, सूर्य समुद्रात उतरायच्या जरा आधी तो बापाला हाक मारायचा. मुन्तहा मागे कॉफीचं भांडं घेऊन उभी राहायची. बोलायची नाही. यंत्राशी बोलायला तिला लाज वाटायची. फक्त शेवटी म्हणायची, “सांग त्याला, तू मला पुर.” आमच्याकडे पोरांना असंच म्हणतात सगळे, उठता बसता, दूध पाजताना, नाक पुसताना. तू मला पुर, म्हणजे माझ्या आधी जाऊ नकोस. म्हणताना कुणी अर्थाचा विचार करत नाही.

घतासच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याच्या सणाच्या, दोन दिवस आधी नखलेचा आवाज आला तो दम लागल्यासारखा.

“बाबा, डेकवरची लाकडं सरकलीत. बोट एका अंगावर कललीय. इंजिन बंद आहे. इम्मीला सांगू नकोस, पण—”

तेवढ्यात बाहेर असा आवाज झाला की गावाची पाठ मोडली असं वाटावं. वाऱ्याने पॉपलर मुळासकट उपटला होता. तार पडली, बादली झाडाखाली चपाती झाली, आणि यंत्रातून नुसतं सूं सूं.

इम्मी, म्हणजे त्याची आई मुन्तहा, मागेच उभी होती. कॉफीचं भांडं हातात, तसंच.

“पण काय?” तिने विचारलं.

“मला काय माहीत?” नऊम म्हणाला.

त्या ‘पण’ने तिचा जीव टांगणीला लागला. रात्रभर ती त्या ‘पण’च्या पुढे शब्द लावून पाहत होती. पण मी पोहायला विसरलोय. पण जीव वाचवायच्या होड्या कमी आहेत. पण मी घाबरलोय. पहाटे ती उठली आणि कणीक मळायला बसली, कारण घतासची कणीक सणाच्या आदल्या दिवशी मळावीच लागते. रात्री ख्रिस्त दारांवरून जातो, आणि बिनखमिराची कणीक कापडात बांधून झाडाला टांगली असेल तर त्याच्या आशीर्वादाने ती आपोआप फुगते. मग तेच वर्षभराचं खमीर. मूठभर पुरते. मुन्तहाने मळली ती वासराच्या डोक्याएवढी. नखले सणाला घरी येणार होता, त्याच्या पोळ्या-भाकऱ्यांची सोय धरून तिने मळली. कमी मळली तर तो येणार नाही, असं काहीतरी तिच्या मनाने घेतलं होतं. नऊमने परातीकडे पाहिलं, मग पडलेल्या पॉपलरकडे.

“आज उतरत्या उन्हाला तो परत हाक मारेल,” तो म्हणाला. “तोवर तार वर गेली पाहिजे.”

“कशावर टांगू? तुझ्या नाकावर?”

“पाइनचं टोक शाबूत आहे. त्याच्या समोर, त्याच रेषेत, उंच झाड पाहिजे.”

दोघांनी खिडकीतून एकदमच पाहिलं, आणि दोघांनी एकदमच मान वळवली. त्या रेषेत एकच झाड उरलं होतं. कुंपणाच्या भिंतीपलीकडे, मिलहेमच्या वाफ्यात. ते तुतीचं होतं.

आता मिलहेम म्हणजे कोण ते सांगते. शेजारी, आणि नखलेचा शबीन. बाप्तिस्म्याच्या वेळी पोराला हातात धरतो तो धर्मबाप. पूर्वी दोन्ही घरांचं मीठ एका बरणीत असायचं. मग मिलहेमने टेलिव्हिजन आणला. मिसरी मालिकेत लग्नाचा भाग चालू होता, अर्धं गाव त्याच्या घरात दाटीवाटीने बसलेलं. नवरीला विचारलं, कबूल आहे का? नवरीने ओढणी सावरली, तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून नऊमचा घोगरा आवाज आला, “माझा आवाज कसा येतोय? इकडे पाऊस आहे.” त्यानंतर नऊम कधीही बोलायला बसला की तिकडे टेलिव्हिजनमधल्या बायका पुरुषी आवाजात हवापाणी सांगायच्या. मिलहेमने बोलणं टाकलं. चर्चमध्ये बाक बदलला. आणि या घतासला तो अख्खी तुती तोडणार असं गावभर सांगून ठेवलं.

तुती का, तर घतासच्या रात्री तो जातो तेव्हा रानातलं झाडन् झाड वाकतं. ओक वाकतो, पाइन वाकतो, अंजीर तर जमिनीला टेकतं. एक तुती तेवढी ताठ उभी राहते. म्हणून त्या दिवशी आमच्याकडे घरोघर तुतीची फांदी चुलीत घालतात. मिलहेमला फांदीवर भागवायचं नव्हतं.

मुन्तहा भिंतीपाशी पोचली तेव्हा तो कुऱ्हाडीला धार लावून उभाच होता.

“मिलहेम, थांब जरा.”

त्याने इकडे तिकडे पाहिलं. “कोण बोलतंय? आमच्याकडे आवाज टेलिव्हिजनमधून येतात, भिंतीवरून नाही.”

“आज टोमणे नकोत.”

“मग उद्या ये. उद्याचे वेगळे काढून ठेवलेत.”

“मला हे झाड हवंय. आजच्या दुपारपुरतं.”

“हे?” त्याने कुऱ्हाडीने झाडाकडे दाखवलं. “कशाला?”

“तार टांगायला.”

मिलहेम हसला तो मनापासून हसला. “बाई, घतासच्या दिवशी तुतीला? का नाही, सैतानाच्याच अंगरख्याला बांध ना. आणि टांगून काय, तुझ्या नवऱ्याने पुन्हा माझ्या घरात नवरी व्हायचं?” असं म्हणून त्याने कुऱ्हाड उचलली आणि पहिला घाव घातला. साल उडून मुन्तहाच्या पायाशी पडली.

तिने कालपासून कुणाला सांगितलं नव्हतं. गावात सांगितलं की बायका येतात, हात धरतात, डोळे पुसतात, आणि मग गोष्ट खरीच होऊन बसते. पण दुसरा घाव वर गेला होता.

“नखलेची बोट कललीय,” ती म्हणाली.

घाव झाला, पण कुऱ्हाड खोडात तशीच अडकून राहिली. मिलहेमने ती ओढली नाही.

“कुठे?”

“मोठ्या समुद्रात. इंजिन बंद पडलंय. बोलता बोलता आमची तार पडली.”

“कधी?”

“काल.”

“आणि मला आज सांगतेस,” मिलहेम म्हणाला. “मी त्याचा शबीन आहे. पाण्यात बुडवताना तो माझ्याच बाहीवर मुतला होता, खुरी पाद्र्याच्या नाही.”

“तू बोलत नव्हतास.”

“नऊमशी बोलत नव्हतो. पोराशी माझं काय भांडण?” त्याने कोट काढून भिंतीवर टाकला. “तार कुठंय?”

आता झाडावर चढायचं कुणी? मिलहेमचे गुडघे त्याच्याहून म्हातारे होते. तुतीची साल पावसाने निसरडी. पण मुन्तहा लहानपणी बकऱ्या राखायची, आणि तिची गोफण अजून दाराच्या खिळ्याला होती, बकरीच्या केसांची, काळीभोर. या गोफणीने तिने एकदा समोरच्या डोंगरावरच्या लांडग्याच्या कानातली गोचीड उडवली होती, लांडग्याला न लागता. ज्याला पटत नसेल त्याने लांडग्याला विचारावं.

रीत अशी की आधी दगडाला मासेमारीची बारीक दोरी बांधायची आणि तो दगड फांदीवरून पलीकडे फेकायचा. बारीक दोरीला सुतळी, सुतळीला दोर, आणि दोराला तार. एकदम दोर फेकायला गेलं तर तो शेजारच्या घरात जातो. नऊम खिडकीतून हुकूम सोडत होता.

“डावीकडचं बेचकं. डावीकडचं. तुझं डावं, माझं नव्हे.”

“तू प्लास्टर सांभाळ.”

पहिला दगड गेला तो सरळ मिलहेमच्या खुराड्याच्या छपरातून आत. कोंबड्या अशा ओरडत बाहेर आल्या की जणू घर विकायला निघालंय. मुन्तहाने नव्या दगडाला दोरी बांधली. ऊन उतरायला लागलं होतं. पश्चिमेला ढगांच्या खाली समुद्राची एक पिवळी पट्टी दिसत होती, आणि त्या पट्टीच्या खूप पलीकडे कुठेतरी नखलेचा समुद्र.

दुसरा दगड बेचक्यातून गेला. मिलहेम दोरी ओढायला लागला. सुतळी गेली, दोर गेला, तार हळूहळू भिंतीवरून उठली, छपरावरून उठली, आणि वाऱ्यात हेलकावे खात वर जाऊन बसली.

“वजन बांधा,” नऊम ओरडला. “पाइन कसा डोलतोय बघा. वजनाशिवाय तुटेल.”

मुन्तहाने भिंतीतला एक दगड काढला आणि दोराच्या टोकाला बांधला. नदीतला होता, गुळगुळीत, त्यात ओला. पाइन एकदा पुढे झुकला आणि मागे आला, आणि दगड फासातून निसटून मिलहेमच्या पायाच्या अंगठ्यावर. तार सरसर खाली. घरातून नऊमचा आवाज आला, आता त्यात हुकूम राहिला नव्हता. “मुन्तहा, वेळ झाली. कुणीतरी बोलतंय. मला नीट ऐकू येत नाहीये.”

मुन्तहा धावत घरात गेली. बादली नव्हती, पोतं नव्हतं, डोकं चालत नव्हतं. चुलीशेजारी पांढऱ्या कापडाचं गाठोडं होतं, चारी टोकं घट्ट बांधलेली, धरायला चांगली मूठ झालेली. तिने ते उचललं, धावत बाहेर आली, दोर ओढला आणि गाठीत गाठ मारून सोडून दिलं. गाठोडं लोंबकळलं. तार ताणली. पाइन डोलला तसं गाठोडं वर गेलं, खाली आलं. तार हलली नाही.

तेव्हा मिलहेमने क्रूस केला.

“उम्म नखले, नखलेच्या आई,” तो म्हणाला, “ही कणीक आहे?”

मुन्तहाने वर पाहिलं. घतासची कणीक. वर्षभराचं खमीर, पोराच्या नावाने मळलेली. आणि टांगली कशाला, तर रानातल्या एकुलत्या एक झाडाला, ज्याने देवापुढे मान वाकवली नाही. दैर शमरात कुठल्याही बाईने, वेडीनेही, असं कधी केलं नव्हतं.

“उतरव,” मिलहेम हळूच म्हणाला. “आधी ती उतरव. मी दुसरं काही आणतो.”

तिने गाठीला हात घातला. तेवढ्यात खिडकीतून यंत्राचा आवाज मोठा झाला. नऊमने कानातली चाकं काढून आवाज खोलीभर सोडला होता.

“मान्वेल आहे,” तो म्हणाला. “मडेराचा. तो बोटीशी बोलतोय. बोट आपल्याला ऐकू येत नाही, तो येतोय. गप्प राहा सगळे.”

हा मान्वेल म्हणजे नऊमच्या हवेतल्या मित्रांपैकी एक म्हातारा, अटलांटिकमधल्या बेटावरचा. तो इंग्रजीत बोलायचा आणि नऊम वाक्य वाक्य करून सांगत होता. सांगत होता ते अर्धंच. बोट काय बोलते ते मान्वेलला ऐकू येत होतं, यांना नाही. यांना फक्त मान्वेलचे प्रश्न.

“म्हणतो, ऐकतोय, सावकाश बोला.”

मग नुसती खरखर.

“म्हणतो, पाणी कुठवर आलंय?”

खरखर. मुन्तहाचा हात गाठीवर तसाच.

“म्हणतो, बरं. बरं. माणसं किती?”

खरखर. बराच वेळ.

मग मान्वेल काहीतरी बोलला, आणि नऊम गप्प बसला.

“काय म्हणाला?” मुन्तहाने विचारलं.

“खरखर आहे.”

“खरखर मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. ती माणसाला असा पांढरा करत नाही. काय म्हणाला, नऊम?”

नऊमने खिडकीच्या चौकटीला धरलं. “म्हणाला, तू कोण बोलतोयस? नेहमीचा पोरगा कुठंय?”

मिलहेमने तिच्या दंडाला धरलं. “उतरव ती कणीक,” तो म्हणाला. आता तो विनवत होता. “बाई, पोराच्या जिवावर बेतेल. उतरव.”

“सोडू नकोस,” नऊम आतून म्हणाला. “सोडलीस तर तार पडेल, मग मान्वेलही जाईल.”

मुन्तहा मधे उभी. गाठ सोडली तर ऐकू येणार नाही, नाही सोडली तर जे ऐकू येईल ते तिच्याच हाताने ओढवलेलं असेल. वारा इतका की समोरच्या उतारावरचे सगळे पाइन अर्धे वाकले होते, रात्र व्हायची वाट न बघता. ओक वाकला होता. अंजीर भिंतीवर पडलं होतं. एक तुती तेवढी होती तिथे, खोडात कुऱ्हाड घेऊन, ताठ.

तिने गाठीवरचा हात काढला.

“राहू दे,” ती म्हणाली. “आज मला न वाकणारंच झाड पाहिजे.”

आणि तिथेच पाऊस सुरू झाला, गारांसारखा थंड, आडवा. आता नीट ऐका. गाठोडं जड व्हायला लागलं. मुन्तहाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, ते हळूहळू खाली येत होतं, एक वीत, मग अजून एक वीत, आणि तिकडे तार तेवढीच वर चढत होती. कापडाच्या गाठी ताणल्या, वीण करकरली, आत काहीतरी श्वास घेतंय असं फुगत होतं. नऊम पुढे आयुष्यभर म्हणत राहिला की कापडात पाणी भरलं म्हणून जड झालं, फुगल्याने कणीक जड होत नाही. त्याचं पाय मोडलेल्या माणसाचं शास्त्र. मिलहेमने टोपी काढली, भर पावसात.

तार छपराच्या वर गेली, आणि यंत्रातल्या खरखरीच्या तळातून एक बारीक आवाज वर आला. परका होता, घाईत होता.

“बोट,” नऊम कुजबुजला. “बोट आहे. आचारी बोलतोय. ग्रीक आहे.” तो पुढे वाकला आणि यंत्रात विचारलं, रेडिओवाला कुठंय, मी त्याचा बाप. मग ऐकलं. मग परत ऐकलं. मग कपाळ टेबलावर टेकलं.

मुन्तहा आणि मिलहेम खिडकीकडे धावले.

“नऊम.”

“डोलकाठीवर आहे,” नऊम टेबलाशीच बोलला. “त्यांचीही तार पडली होती. रात्रीच पडली. तो पट्ट्याने स्वतःला डोलकाठीला बांधून वर उभा आहे, आणि झाडूच्या दांड्याने तार उंच धरून ठेवलीय. दांडा खाली आला की आवाज जातो. म्हणून तो बोलू शकत नाही, आचारी बोलतोय. तो वरून ओरडतो आणि आचारी इकडे सांगतो.”

मुन्तहाने तोंडावर ओढणी घेतली. “खोटं सांगतोय. मला बरं वाटावं म्हणून तू खोटं सांगतोयस. नाहीतर तो आचारी तुला खोटं सांगतोय.”

तेवढ्यात आचारी परत बोलला, आणि नऊमने मान वर केली.

“तो वरून विचारतोय. इम्मीने कणीक टांगली का?”

आता हे ग्रीक आचाऱ्याला कुठून सुचणार? मुन्तहा तिथेच भिंतीला टेकून खाली बसली, चिखलात, चांगल्या झग्यानिशी.

“सांग, टांगली,” ती म्हणाली.

प्रश्न डोलकाठीवर गेला आणि परत आला. “विचारतोय, कशाला?”

“झाडाला.”

“विचारतोय, कोणत्या?”

मुन्तहा तुतीकडे बघत बसली. पण मिलहेमला कुठला धीर? त्याने खिडकीतून आत झोकून देऊन नऊमच्या हातातला माइक ओढला आणि गाव हादरेल असा ओरडला, “तुतीला टांगली तिने, पोरा! तुतीला! आणि फुगतेय!”

मग पलीकडे मिलहेमच्या घराचं दार आपटलं आणि त्याची बायको बदीआ डोक्यावर टॉवेल घेऊन धावत आली. “मिलहेम,” ती म्हणाली, “बातम्या देणाऱ्या माणसाच्या तोंडून तू आत्ता तुतीबद्दल ओरडलास. टेलिव्हिजनवर. मी ऐकलं.”

बाकीचं मग एकेक करून कळलं. सरकलेली लाकडं त्यांनी समुद्रात ढकलली होती, बोट पुष्कळ सरळ झाली होती, आणि ओढून न्यायला दुसरी बोट समोर दिसत होती. माणसं सगळी मोजून जागेवर. मुन्तहाने शेवटी एकच विचारायला लावलं.

“विचार त्याला, काल ‘पण’ म्हणाला. पण काय?”

उत्तर यायला वेळ लागला. आचाऱ्याने दोनदा सांगितलं, कारण त्याला त्यात अर्थ दिसेना.

“म्हणतो,” नऊम म्हणाला, “इम्मीला बोटीचं सांगू नकोस, पण मी सणाला पोचत नाही एवढं सांग, म्हणजे ती उगाच ढीगभर कणीक मळणार नाही.”

मुन्तहाने दोराच्या टोकाला लोंबणाऱ्या त्या वासराच्या डोक्याकडे पाहिलं. मूठभर मळली असती तर काडीचंही वजन झालं नसतं.

“सांग त्याला,” ती म्हणाली, आणि या खेपेला तिने अर्थाचा विचार केला, “सांग, तू मला पुर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोडं उतरवलं तेव्हा ते परातीत मावेना. त्या खमिराच्या भाकरी अख्ख्या गावाने खाल्ल्या, आणि माझ्या घरच्या आजच्या भाकरीतही त्याचाच अंश आहे. मिलहेमने त्या वर्षी चुलीत ओक जाळला. तुती अजून आहे, खोडात दोन घावांची खूण घेऊन, आणि घतासला आमच्या गल्लीतल्या बायका आता तिलाच कणीक टांगतात. खुरी दरवर्षी ओरडतो आणि दरवर्षी त्याची बहीणही टांगते. त्या संध्याकाळी मिलहेम ओल्या कपड्यांनी नऊमच्या खाटेपाशी उभा राहिला आणि म्हणाला, “अबू नखले, चुकलो मी, माफ कर.” आणि दोघं रडले.

बरं, आता शपथ घेतलीय आणि कणीक फुगायला हवी, म्हणून एवढं एक सांगून टाकते. तुती खरी, कणीक खरी, बातम्यांमधला मिलहेम खरा, लांडग्याची गोचीड तर अगदीच खरी. पण मिलहेमने माफी मागितली हे मी पदरचं घातलं. तो माणूस जन्मात कुणाला चुकलो म्हणाला नाही. तो खाटेपाशी उभा राहिला, प्लास्टरकडे पाहिलं, “वाकडं बसलंय हे,” म्हणाला, आणि अंगणात जाऊन नऊमसाठी सगळा हिवाळा पुरतील एवढी लाकडं फोडून गेला.